साहेबाचे यंत्र

रत्नागिरीत गवत कापायचे ते गुरांसाठी, आणि त्याला विळा पुरतो. गवत कापून ती जागा तशीच मोकळी ठेवायची आणि खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसायचे, ही कल्पना साहेबाची. त्यासाठी त्याने १८३० साली यंत्रसुद्धा काढले. एडविन बडिंग नावाच्या इंग्लिश कारागिराने लोकरी कापडावरची लव सारखी कातरणारे गिरणीतले यंत्र पाहिले आणि त्याला वाटले, कापडाची हजामत होते तर जमिनीची का नको? तोवर हे खाते मेंढ्यांकडे होते. लॉर्ड्सच्या मैदानावरसुद्धा यंत्र आले, तोपर्यंत मेंढ्याच चरत.

असले एक यंत्र सत्तराहून अधिक वर्षे आमच्या पडवीत आहे. मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात आजोबांनी ते घेतले. का घेतले, हे विचारण्याची घरात कुणाची छाती नव्हती. आजी फक्त म्हणाली होती म्हणे, "आणि हे खातं काय?" पुढे सारवलेले अंगण, मागे पोफळी, बाकी सगळा जांभा. हिरवळ म्हणाल तर दुर्वांचा एक वाफा, तोही गणपतीसाठी राखीव! तरी दर खंडेनवमीला कोयता, विळी, अडकित्ता यांच्या पंगतीत हे ओतीव लोखंडाचे धूड गंधफूल लावून बसे. 'इप्सविच' या इंग्रजी अक्षरांवर हळदकुंकू!

चालले ते एकदाच. १९६६ च्या श्रावणात अण्णांनी ते परसातल्या गवतात लोटले. अण्णा मास्तर, हसणे त्यांच्या वेळापत्रकात नव्हते. दहा पावले यंत्र सरसर गेले, आम्ही पोरे टाळ्या पिटीत मागे, आणि अकराव्या पावलाला जांभ्याचा दगड. खण्ण! आता कुणाला तरी बसणार म्हणून आम्ही पांगलो. पाहतो तो अण्णा ओल्या गवतात फतकल मारून पोट धरून हसताहेत.

यंदा पडवीचे छप्पर काढायचे ठरले आणि यंत्राचा प्रश्न ऐरणीवर आला. धाकट्या भावाचा डोंबिवलीहून फोन, "दादा, विकून टाक. अँटिक आहे ते." हा शब्द आमच्या घरात आजवर फक्त मलाच लावला जात असे. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. मग पुण्याचे एक संग्राहक आले. "रंग लावू नका, गंज खरवडू नका," असे बजावून त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून हिने त्यांच्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली. "मात्र खालच्या पात्याला खाच आहे, तिचे पैसे कमी होतील."

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याचे मत अगदी उलट. या यंत्रात वरची पिळदार पाती फिरतात, खालचे पाते स्थिर. दोहोंच्या कात्रीत गवत सापडते. मध्ये धरलेली कागदाची पट्टी स्वच्छ कापली गेली की जुळणी बरोबर. "काका, खालचं पातं खाचेच्या खोलीपर्यंत घासून काढतो. कुठं लागलं होतं ते कळणारसुद्धा नाही."

नेमके इथेच माझे घोडे अडले. आठ दिवस मी पडवीत फेऱ्या मारल्या. "अहो, मुलीच्या स्थळाचासुद्धा इतका विचार केला नव्हतात," ही म्हणाली. ते खरेच होते. पण अण्णांचे हसू कुठल्या फोटोत नाही.

पुण्याला नकार कळवला. लेथवाल्याला सांगितले, तेल घाल, पेस्ट लावून पाती उलटी फिरव, धार आण. खाचेला हात लावू नकोस.

"मग तेवढ्या जागचं गवत कापलं जायचं नाही, काका."

"न जाऊ दे."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मजुरी आगाऊ मागतो की काय असे वाटले.

श्रावणात दगड वेचून परसात यंत्र चालवले. सगळे गवत बसले आणि मधोमध बोटभर रुंदीची एक रेघ ताठ उभी राहिली. शेजारचे भाऊ गडग्यावरून डोकावले.

"ही शेंडी कुणाची हो ठेवलीत?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मामंजींची."