दमसास

व्हिडिओ गेमवरून निघालेल्या कार्टूनचं शीर्षकगीत करायचं म्हटलं की निर्माता पहिल्याच बैठकीत फर्मावतो, ‘मूळ खेळातली धून आलीच पाहिजे, मुलं ती ओळखतात.’ इतकी वर्षं मी ‘आणतो की’ म्हणत आलो. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे शिकणारी एक मुलगी स्क्रॅच, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, गाता गाता मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘सर, श्वास कुठे घेऊ?’ मी पेटीवर जागा शोधू लागलो. सापडेना. तेव्हापासून या एका प्रश्नाने माझं डोकं खाल्लंय.

कोजी कोंडोंची ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची धून घ्या. 1985 सालची. आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात कॅसेटवाल्या नकली यंत्रांतून घराघरात वाजली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2023 मध्ये ती जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. खेळाच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. मान ठीक आहे, पण जरा म्हणून दाखवा. सुरुवातीलाच दोन गंधार लागोपाठ, मग चिमूटभर फट, पुन्हा गंधार, पुन्हा फट, षड्जाला शिवून परत गंधार आणि वर पंचम. मोकळ्या जागा चिकार आहेत आणि तिथेच माणूस फसतो. त्या उडी मारायच्या जागा आहेत, श्वासाच्या नव्हेत. तिसऱ्या गंधाराआधीच्या फटीत श्वास घेतला तर शब्दाचे दोन तुकडे होतात. नाही घेतला तर पंचमापर्यंत पोचताना आवाज चिरकतो.

दुसरी अडचण त्याहून खट्याळ. खेळणारं पोर एका टप्प्यावर किती वेळ अडकेल याचा नेम नाही, म्हणून धून गोल लागते. शेवटची मात्रा संपली की थेट पहिली. आपल्याकडेही आवर्तन गोलच, पण गवई समेवर आला की घटकाभर टेकतो, दाद घेतो, पाणी पितो. इथे सम आहे, टेकणं नाही. यंत्राला त्याचं काही वाटत नाही. मारिओ ज्यावर खेळायचा त्या निन्टेंडोच्या यंत्रात आवाजाच्या पाच वाटा: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक खरखरीची आणि एक साठवलेले आवाज वाजवणारी. पाचांपैकी एकीलाही फुप्फुस नाही. आणि मला मात्र एका मिनिटात सुरू होऊन संपणारं, पोरांना म्हणता येणारं गाणं द्यायचं असतं.

इतरांनी यातून कशी सुटका करून घेतली? 1989 च्या अमेरिकन ‘सुपर मारिओ ब्रदर्स सुपर शो’मध्ये सुरुवातीला रॅप ठेवलं, म्हणजे बोलणंच. शेवटच्या गाण्यात मात्र कोंडोंच्या धुनीवर शब्द बसवले आणि ते दिले लू अल्बानोला. हा गडी कुस्तीच्या आखाड्यातला, मालिकेत मारिओ झालेला. तो गातो कमी. पीटीचे मास्तर कवायत घेतात तसा पावलं पुकारतो. याला मी पळवाट म्हणतो, आणि ती मला सुचली नाही याचा राग अजून आहे.

खरी चपराक ‘पोकेमॉन’ची. खेळ 1996 चा, गेम बॉयवरचा, त्यातलं संगीत जुनिची मासुदांचं. 1 एप्रिल 1997 ला टीव्ही टोकियोवर मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या जपानी शीर्षकगीताची चाल हिरोकाझू तनाकांची. खुद्द गेम बॉयच्या आवाजाच्या यंत्रणेवर काम केलेला, ‘मेट्रॉइड’चं संगीत दिलेला हा माणूस. चिप काय करू शकते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि नेमका तोच खेळातली धून बाजूला ठेवून गळ्यासाठी नवी चाल बांधतो, सुरुवातीला तर नुसती आरोळी! ती गायली रिका मात्सुमोतो, म्हणजे मालिकेतल्या नायकाचाच आवाज. पुढच्या वर्षी अमेरिकेत जॉन सीगलर आणि जॉन लोफलर यांनी तिसरीच चाल केली, जेसन पेजने गायली. धुनीवाचून कुणाचं काही अडलं नाही.

हल्लीच्या पोरांना यात प्रश्नच दिसत नाही. गायकाकडून ओळ ओळ पंच करून घेतात, संगणकावर श्वास कापून टाकतात, तुकडे जोडतात. ऐकायला गुळगुळीत. पण असं गाणं शाळेच्या रिक्षात कुणी म्हणत नाही, कारण ते सलग कुणीच गायलेलं नसतं. वर स्क्रीनवर ‘स्किप इन्ट्रो’चं बटण. एका तरुण अरेंजरने मला ऐकवलं, ‘सर, ऐकतंय कोण?’ मी ऐकतो. रिक्षातून माझं गाणं कानावर पडलं की चाल मंद करतो, चपलेचा अंगठा तपासायचं नाटक करतो आणि पोरं अंतऱ्यापर्यंत जातात का बघतो. माझ्या प्रत्येक गाण्यात एक अवघड उडी असते. तिची गरज नसते. ती माझी सही. चाळीतली सगळी पोरं बरोबर त्याच जागी बेसूर होतात, तरी मी ती काढणार नाही.

त्या मुलीसाठी शेवटी मधला गंधार कोरसला दिला. चार पोरं ‘हे!’ म्हणतात, तेवढ्यात ती श्वास घेते. निर्माता खूश, धून शाबूत. पण गाणं एकटीने म्हणायचं तर अजूनही दम लागतोच, आणि मूल बहुतेक वेळा एकटंच गुणगुणतं.

म्हणून निर्मात्यांना एवढंच सांगणं आहे: खेळाची धून हवीच असेल तर ती वाद्यांना द्या, सुरुवातीला आठ मात्रा वाजवा, मुलं ओळखतील. गळ्याला वेगळी चाल द्या. आणि रेकॉर्डिंगला पोराकडून एक टेक तरी सलग घ्या.