आपले चेऊलकर

शब्बाथ सुटला की आम्ही दोघी बहिणी अजूनही एखादा जुना सिनेमा लावतो. परवा पुन्हा ‘बूट पॉलिश’ (१९५४) पाहिला. त्यातल्या जॉनचाचाच्या कामासाठी डेव्हिड यांना फिल्मफेअर मिळालं. पडद्यावर नाव नुसतं डेव्हिड; पण आडनाव चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचे. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) लिहिणारे जोसेफ डेव्हिड, ते पेणकर. गाव आडनावात घेऊन फिरणारी माणसं आपण!

आईला हे सगळं पाठ. ‘श्री ४२०’मधल्या नादिराचा झगमगता गाऊन तिला फार आवडायचा. “ती बगदादी हं, आपल्यातली नव्हे,” हेही सांगायची. स्वतः मात्र फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज, अंबाडा आणि चापूनचोपून नेसलेली साडी. इथे आल्यावर आम्हाला त्याचीच लाज वाटे. “साडी नेसून शाळेत येऊ नकोस,” असं आम्हीच तिला बजावलं होतं.

म्हातारपणी तिची हिब्रू पुसली गेली, मराठी तेवढी उरली. नर्सिंगमध्ये आयुष्य काढलेल्या आम्ही. अशी माणसं वॉर्डात पुष्कळ पाहिलेली. पण आईच ओळखेनाशी झाली, तेव्हा आम्हीही खचलो. एकदा ‘बूट पॉलिश’ लावला. डेव्हिड दिसताच तिने पदर सावरला. म्हणाली, “आपले चेऊलकर आले. चहा ठेवा गं.”

आम्ही ठेवला.

मंडळी, नातवंडांना हे सिनेमे दाखवा. आडनाव पडद्यावर येणार नाही; ते आपणच सांगायचं.