झेन किती खाली बसवायची?

सध्या आमच्या घरात एकच विषय चाललाय. बाबांची झेन खाली बसवायची का, आणि बसवायची तर किती? ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूळ स्प्रिंगा काढून त्या जागी आखूड स्प्रिंगा घालायच्या. मग चाकाच्या वरची मोकळी जागा कमी होते आणि गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसते.

गाडी २००३ सालची. मारुतीने झेन १९९३ मध्ये आणली आणि ती मूळ झेन २००६ पर्यंत चालली, म्हणजे आमची तशी शेंडेफळच. बाबा गेल्यावर ती विकायची नाही एवढं एकमताने ठरलं, पण पुढचं काहीच ठरलं नव्हतं. आता पुतण्याला ती हवी आहे. पण 'आजोबांची गाडी' म्हणून नाही, स्वतःची म्हणून. मला त्यात काही गैर वाटत नाही. अडचण एवढीच की याच गाडीतून आई आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जाते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सीटची उंची म्हणजे काय, ते घरात तसं माणूस असल्याशिवाय कळत नाही.

मी मेकॅनिकलवाली, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. :)

पुतण्याचं म्हणणं, "आत्या, दोन इंच खाली घेतली की वळणावर गाडी झुकणारच नाही." आता हे तपासून बघण्यासारखं आहे. वळताना किती वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं, ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. अशा छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर धरा. एक इंच खाली आणली तर फरक पडतो ५ टक्के. बस्स! झुकणं कमी होतं ते मुख्यतः स्प्रिंग जास्त ताठ असते म्हणून. आणि ती ताठ असावीच लागते, कारण चाकाला वर जायला जागा कमी उरलेली असते. मऊ आणि आखूड अशी स्प्रिंग घातली तर प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन आतल्या रबरी ठोकळ्यावर आपटणार.

म्हणून निवडताना 'किती इंच' यापेक्षा 'हालायला किती जागा राहते' हे बघायचं. झेनचं वजन ८०० किलोच्या आत, आणि चार मोठी माणसं बसली की त्यात एक तृतीयांश भर पडते. एकटा मुलगा रात्री चालवतो तेव्हाचा हिशोब वेगळा, आणि मागे आई, मावशी आणि त्यांच्या पिशव्या असतात तेव्हाचा वेगळा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर बघितलात तर त्याची रुंदी पावलांनी नाही, वितीनेच मोजावी लागेल.

गॅरेजमध्ये स्वस्तातला उपाय लगेच सुचवला गेला, "ताई, आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकू." याला मात्र मी साफ नाही म्हटलं. कामाच्या सहा वेढ्यांतला एक गेला तर ताठपणा वाढतो २० टक्के, पण त्या मानाने गाडी बरीच जास्त खाली येते. शिवाय कापलेलं टोक आपल्या खोबणीत नीट बसत नाही, आणि चाक लटकलं की स्प्रिंग जागची हलू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणं तर त्याहून वाईट, त्याने पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं. ताठपणा हवा तर तार जाड हवी. १० मिलिमीटरच्या जागी ११ ची तार घेतली तर बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. जाडीचा चौथा घात लागतो ना!

मग आम्ही टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत मापं घेतली. ड्रायव्हरची बाजू १२ मिलिमीटर आधीच बसलेली निघाली. बाबा बहुतेक वेळा एकटेच चालवायचे. पुतण्या टेप हातात धरून थोडा वेळ नुसताच बघत राहिला.

राहिली आईची परीक्षा. गाडी एक इंच खाली येणं आणि जमीन एक इंच वर येणं, गुडघ्याला दोन्ही सारखंच. म्हणून दाराशी एक इंच जाडीची फळी ठेवली आणि आईला उतरायला सांगितलं. उतरली, दाराला धरून, नेहमीसारखीच. मग दुसरी फळी ठेवली. दोनदा प्रयत्न फसला, तिसऱ्यांदा जमलं. धाप लागली होती, पण म्हणाली, "बसवा रे दोन इंच. मी रिक्षाने जाईन."

दोन इंचांचा विषय पुतण्याने त्यानंतर काढला नाही.

तर आता एक इंच ठरलंय. नवीन स्प्रिंगांबरोबर शॉकॲब्सॉर्बरही नवे, कारण जुने मऊ स्प्रिंगांसाठीच बनलेले आणि २० वर्षं वापरलेले आहेत. वरची रबरं आणि बुशही बदलायचे, आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. मग अलाइनमेंट.

त्याआधी आरटीओत लेखी विचारणा करायची. गाडीत उत्पादकाच्या तपशिलाबाहेर जाणाऱ्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचं बंधन आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. आमची पुढची तारीख २०२८.

दादा, हे वाचशीलच. तुझ्या लेकाने जुन्या स्प्रिंगा भंगारात द्यायच्या नाहीत असं स्वतःच सांगितलंय. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून त्या माळ्यावर जातील. कुठली पुढची, कुठली मागची, ते मी खडूने लिहून ठेवते.