कुंभार्लीचा उतार

दिवाळीच्या सुट्टीत खालाच्या मुलीचा निकाह होता, चिपळूणला. कराडहून आम्ही फज्रनंतर लगेच निघालो. गाडीत मी, अम्मी, माझी दोन मुलं आणि गाडी चालवायला धाकटा भाऊ. मागे नवरीचे जोडे, मिठाईचे डबे आणि अम्मीने ऐनवेळी कोंबलेली तांदळाची गोणी. सफरची दुआ सर्वांनी पढली. चाकांतली हवा मात्र कोणीच पाहिली नाही. गाडी माझी, म्हणजे चूकही माझीच.

कराड ते चिपळूण अंतर शंभरेक किलोमीटर. पाटणपर्यंत रस्ता कोयनेच्या सोबतीने जातो. उसाचे फड मागे पडतात, डोंगर जवळ येतात. कोयनानगरला चहासाठी थांबलो तेव्हा अम्मीला 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आठवला. रमजान चालू होता. सहरीच्या सुमारास जमीन हलली आणि तिच्या चिपळूणच्या घरातली मडक्यांची उतरंड कोसळली. ती दहा वर्षांची होती. धरणाकडे पाहताना ती अजूनही आवाज खाली आणते.

हेळवाक सोडलं की कुंभार्ली घाट येतो. पावसाळा नुकताच संपलेला, कड्यांवरून अजून पाण्याच्या बारीक धारा उतरत होत्या. मुलांनी काचा खाली केल्या. भावाने गाडी न्यूट्रलवर टाकली.

"आपा, उतारावर पेट्रोल वाचतं."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे मीही गप्प बसले. चौथ्या-पाचव्या वळणाला जळका वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर भावाचा चेहरा बदलला. ब्रेकचा पॅडल स्पंजासारखा खाली जात होता. त्याने दोन-तीनदा पाय मारला, दुसरा गियर टाकला, इंजिन गुरगुरलं आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला रुंद जागेत लागली. अम्मीच्या ओठांवर काय चाललं होतं ते सांगायला नको. मुलं एकदम चिडीचूप.

चाकांखाली दगड लावून अर्धा तास थांबलो. भाऊ बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला होता. मागून आलेल्या एका ट्रकवाल्या चाचांनी त्याला अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते, तडकूही शकते. "आपोआप थंड होऊ द्या, मग दुसऱ्या गियरमध्ये उतरा. ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरायचा," एवढं बोलून ते गेले.

तसेच उतरलो. पोफळीजवळ मला शाळेतला धडा आठवला. कोयनेचं पाणी याच डोंगराच्या पोटातून खाली येतं आणि त्या घसरणीतून पोफळीत वीज होते. आमची गाडीही तेवढीच खाली येत होती. तिची सगळी ताकद ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठली होती. गियरमध्ये असती तर त्यातला मोठा वाटा इंजिनाने सोसला असता. मुलांना मी हे दरवर्षी शिकवते!

चिपळूणच्या मिस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून मला आत पाहायला लावलं. कोऱ्या चहासारखं काळपट. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-4 जातीचं नवं तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की हीच मर्यादा 155 च्या आसपास येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल खाली बसतो. दोन वर्षांनी बदलायचं तेल मी चार वर्षं तसंच ठेवलं होतं, कारण डबी भरलेली दिसत होती.

मग त्यांनी भावाची बचतही निकालात काढली. आताच्या पेट्रोल गाड्या गियरमध्ये उतरत असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन जाणं जवळजवळ थांबतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलवर इंजिन चालू राहायला पेट्रोल जळतच राहतं. इंजिन बंद करून उतरणारे तर आणखी शहाणे: दोन-तीनदा ब्रेक दाबला की तो दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंगही जड होतं.

खरी बचत चाकांत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी हवा मोजली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर 33 म्हणत होता, पुढची चाकं 25 वर होती. कमी हवेचं चाक रस्त्यावर जास्त दबतं, तापतं आणि पेट्रोल खातं. त्यात आम्ही पाच जण आणि ती गोणी. गरम चाकात हवा जास्त दाखवते, म्हणून पंपावर लांबून येऊन मोजलेल्या आकड्यावर भरवसा नको.

निकाह छान झाला, अल्हम्दुलिल्लाह. परतीला खालाने नारळांचं पोतं पुढे केलं. अम्मीने ते अर्धं रिकामं करायला लावलं आणि भावाला विचारलं, "हवा बघितलीस का रे?"