बोकडाच्या डोळ्यांनीं

गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांत आम्ही भूतदयेविषयीं बोलत होतों. मुक्या प्राण्यांस मारूं नये, त्यांचे हाल करूं नयेत, असा उपदेश आम्हीं बोलण्याच्या भरांत पुष्कळ केला. तास संपत आला तेव्हां मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठला व अत्यंत विनयानें म्हणाला, "सर, आपण मटण खातां ना?" वर्गांत हंशा पिकला. "खातों," असें खरें तें उत्तर आम्हीं दिलें, आणि तेवढ्यांत घंटा झाल्यामुळें आमची सुटका झाली. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरीं आला.

त्या रात्रीं आम्हांस बाळपणची एक गोष्ट आठवली. आमच्या चुलत बहिणीच्या लग्नांत जेवणावळीसाठीं घेतलेला बोकड खाटकाकडे पोंचविण्याचें काम आमच्यावर आलें होतें. आमचें वय तेव्हां १२ वर्षांचें. एवढें मोठें काम मिळाल्याचा केवढा अभिमान! बोकड निमूटपणें चालला होता. ओढ्यावरील फरशीपाशीं मात्र तो एकाएकीं थबकला. फरशीवर पाण्याचें डबकें सांचलें होतें व त्यावर ऊन चकाकत होतें. आम्हीं दावें ओढलें, कान पिळला, शेवटीं काठीनें बडविलें. तो ओरडत होता आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतों. मरण त्याच्या वांट्यास येणारच होतें. पण त्याआधींची ती यातना निव्वळ आमच्या हातची होती.

तो हट्टी नव्हता हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं टेंपल ग्रँडिन या अमेरिकन विदुषींच्या लेखनावरून कळलें. या बाईंचा जन्म १९४७ सालचा. त्यांना स्वमग्नता आहे. लहानपणीं बरेच दिवस त्यांना बोलतां येत नसे. त्यांचा विचार शब्दांनीं न चालतां चित्रांनीं चालतो. त्यामुळें कत्तलखान्यांत गुरें पुढें सरकत नाहींत तेव्हां त्यांना काय दिसत असेल, हा प्रश्न त्यांना सुचला, आणि गुरांच्या अरुंद बोळांत त्या स्वतः उतरल्या. तेथें त्यांना काय आढळलें? लोंबणारी एखादी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, ओल्या जमिनीवरील चकाकी, पुढचा अंधारा दरवाजा. आपल्या नजरेस न येणाऱ्या या क्षुल्लक वस्तूंस भिऊन जनावर थांबतें, आणि थांबलें म्हणून मार खातें. साखळी काढावी, दिव्याची जागा बदलावी, जमीन निसरडी नसावी, भिंती भरीव असाव्या, बोळ वळणाचा असावा; बहुतेक उपाय इतके साधे होते.

बाई एवढ्यावर थांबल्या नाहींत. दया मोजतां येते, असें त्यांनीं दाखविलें. १०० गुरांपैकीं निदान ९५ पहिल्याच फटक्यांत बेशुद्ध झालीं पाहिजेत. हांकतांना व कापण्यापूर्वीं ३ पेक्षां अधिक हंबरतां कामा नयेत. घसरून पडणारें फार तर एखादें. १९९९ सालीं मॅकडोनाल्ड्स कंपनीनें मांस पुरविणाऱ्यांची या मोजणीनें तपासणी सुरू केली, आणि अनेक कत्तलखान्यांचें वर्तन सुधारलें. विशेष हें कीं बाई स्वतः मांस खातात.

आपल्या देशांतही १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे व २००१ चे कत्तलखान्यांविषयींचे नियम आहेत. एका जनावरासमोर दुसरें कापूं नये. गाभण जनावर किंवा जिचें पिल्लूं तीन महिन्यांच्या आंतलें आहे अशी मादी कापूं नये. कापण्यापूर्वीं जनावरांस विसांवा द्यावा, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे.

दिवाळीच्या सुटींत आम्ही एका गांवचा कत्तलखाना पाहावयास गेलों. खरें सांगावयाचें तर पाय जड झाले होते. एका जनावरानें दुसऱ्याची कत्तल पाहूं नये म्हणून तेथें गोणपाटाचा पडदा लावला होता. पण तो वाऱ्यानें फडफडे, आणि त्याच्या शेजारून जावयास शेळ्या तयार होईनात. हांकणाऱ्या पोरानें काठी उगारली. आम्ही तेथेंच उकिडवे बसलों आणि शेळीच्या उंचीवरून पाहिलें. पडदा थेट तोंडावर येत होता! आम्हीं तो बांधण्याविषयीं विनंती केली. तेथील वृद्ध खाटकानें खालच्या टोकांस दोन विटा बांधल्या. थोड्या वेळानें एक शेळी पुढें झाली, आणि तिच्यामागून दुसऱ्या गेल्या. दोघी-तिघी तरीही अडल्याच. "मास्तर," तो म्हातारा म्हणाला, "हे आम्हांला कळत नाही असं नाही. पण पहाटे घाई असते, अन् इथं बघायला येतंय कोण?"

या वाक्यानें आम्ही खालीं मान घातली. खाणारे आम्ही, आणि पाहावयाचें मात्र त्या पोरानें व त्या म्हाताऱ्यानें!

तेव्हां, बाळा, तुझ्या प्रश्नाचें राहिलेलें उत्तर आज देतों. होय, आम्ही मटण खातों. आणि म्हणूनच तेथें काय चालतें तें पाहण्याचें कर्तव्य न खाणाऱ्यांपेक्षां आमच्याकडे अधिक येतें. तूं खा अथवा न खा, तो विचार तुझा तूं कर. पण कोठेंही एखादें जनावर अडलेलें दिसलें, तर काठी उचलण्यापूर्वीं एकदां त्याच्या उंचीवर खालीं बस आणि त्याला काय दिसतें तें पाहा. त्या दिवशीं ओढ्यावर आम्हीं तेवढें केलें असतें, तर डबक्यावर दोन मुठी माती टाकून काम भागलें असतें.