फोटोतला रस्ता आणि आपली पऱ्हाटी



मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा जुना काळा-पांढरा फोटो तुम्ही कधी तरी पाहिला असेल. मलबार हिलवरच्या बागेतून काढलेला. खाली चौपाटीची वाळू, तिथून विळ्यासारखा वळत गेलेला रस्ता, उजवीकडे समुद्र, डावीकडे एका उंचीच्या इमारतींची रांग. हा रस्ता जिथे दिसतो तिथे पूर्वी पाणी होते. जमीन सारी भरावाची. आणि भराव घालण्याची पहिली मोठी धडपड झाली, ती कापसाच्या पैशावर!

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. त्यांची नजर आपल्या देशाकडे वळली. आपल्या वऱ्हाडची रुईही मुंबई बंदरातूनच जाई. भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला. त्या भरात समुद्र बुजवायला कंपनी निघाली आणि तिच्या शेअरांवर उड्या पडल्या. प्रेमचंद रायचंदांसारखे कापसाचे बडे व्यापारी त्यात होते. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, कंपनी बुडाली. भल्याभल्यांची गत ‘बाजारात तुरी’ अशी झाली. जी चिंचोळी पट्टी भरून झाली होती, तिच्यावरून पुढे रेल्वे गेली. चर्चगेटची लोकल आजही तिथूनच धावते.

१९२० नंतर सरकारने काम पुन्हा हाती घेतले. खर्च फुगला, काम रखडले. वीर नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. ठरलेल्या १,१४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरच जमीन झाली. तिच्याच कडेने फोटोतला हा रस्ता आहे.

अमरावती-अकोल्याहून रात्रभरच्या गाडीने मुंबईला गेलात, तर मुलाबाळांसह ती बाग पाहा. १९५२ सालच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. समोर पाण्याच्या टाकीवर १८८१ साली केलेली हँगिंग गार्डन आहे. खाली चौपाटीवर १९२० साली लोकमान्य टिळकांना अग्नी दिला, तिथे त्यांचा पुतळा आहे. आणि तुमच्या फोटोत येणार नाही असाही एक रस्ता तिथे आहे. २०२४ साली सुरू झालेल्या किनारी रस्त्याचा बोगदा याच टेकडीच्या पोटातून जातो.

परतल्यावर वेचणीच्या दिवसांत भाव चढला, तर हा फोटो आठवा. चढत्या भावावर समुद्र बुजवायला निघालेले शेठजीही बुडाले. आपण तर पट्टीचे पैसे हाती पडल्यावरच नव्या खर्चाचा बेत करावा.