टणकन वाजलं तर

आमच्या रेडी गावात आजीने मडकं नुसतं बघून कधी घेतलं नाही. डाव्या तळव्यावर तोलायचं, उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवायचं आणि कान लावायचा. ‘बद्द वाजता. कच्चां ऱ्हवलां,’ म्हणाली की भाव कितीही उतरला तरी ते परत जाई. टणकन वाजलं तरच, ‘बरां भाजलेलां आसा, घे.’ त्या मडक्यातलं पहिलं पाणी बाबांचं. ते लोहखनिजाच्या खाणीवरून येत तेव्हा पावलांपासून भुवयांपर्यंत लाल झालेले असत.

गेल्या वर्षी पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेले आणि इनामगावच्या भांड्यांपुढे पाय थबकले. एक तोटीचं भांडं, शेजारी पोटाशी कंगोरा असलेला वाडगा. पातळ अंगाची, लाल लेपाची, वर काळ्या रेघा. वय तीन हजार वर्षांहून जास्त. या घडणीला ‘जोर्वे’ म्हणतात. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावात १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खणलं, तिथून हे नाव आलं. पुढे १९६८पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला वर्षानुवर्षं उत्खनन चाललं आणि अख्खं गावच वर आलं: घरं, धान्याची पेवं, कुंभाराची गोल भट्टी.

मी त्या लाल रंगाकडे बघत राहिले. ती माणसं तांब्याची हत्यारं वापरत. लोखंड गाळण्याचा काळ अजून यायचा होता. पण भांड्यावरची लाली मातीतल्या लोहाचीच, भट्टीत हवा खेळती ठेवून उजळवलेली. आमच्या खाणीतून ट्रक भरभरून गेलं तेच लोह. (रेडीचा द्विभुज गणपतीही १९७६ साली खाणीतच सापडला. मातीतून काही वर आलं की हात जोडायची सवय आम्हाला आहे.)

इनामगावला लहान मूल गेलं की दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जुळवून त्यात निजवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. बाहेर नाही, दूर नाही. जिथे आई वावरते त्या जमिनीखाली. आणि सोबत अशीच भांडी ठेवत: तोटीचं एक, वाडगा एक. तहान लागेल म्हणून, दुसरं काय! हे वाचल्यावर ती तोटी मला नुसती सुबक वाटेना. किती बारीक आहे, एका लहान तोंडापुरती.

काचेमुळे हात लावता येईना. तिथल्या एका संशोधक बाईंना आजीची रीत सांगितली. त्या हसल्या नाहीत. अभ्यासासाठी ठेवलेल्या खापरांतलं एक आणून त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवलं, म्हणाल्या, ‘वाजवा.’

मी पेराने टिचकी मारली. काशाच्या वाटीसारखा आवाज आला, बारीक आणि लांबणारा.

‘घे,’ मी आजीच्याच सुरात म्हणाले.